आभार आला, मोह नाही

मागच्या वर्षी एप्रिलच्या शेवटी श्रीनगरला गेलो, तर ट्युलिपचा बाजार उठलेला. जबरवान डोंगराच्या पायथ्याशी वाफेच्या वाफे नुसत्या हिरव्या दांड्यांचे. खुरपं घेऊन बसलेल्या माळ्यानं कारण सांगितलं. ट्युलिपच्या कांद्यात फूल आदल्या उन्हाळ्यातच घडून बसतं. मग त्याला १२ ते १६ आठवडे कडक थंडी लागते, आणि जमीन ऊब धरू लागली की ते वर येतं. वसंतात ऊन लवकर चढलं, की फुलं घाईनं येतात आणि घाईनंच जातात. विमानाचे पैसे गेल्यावर मिळालेलं ज्ञान! तिथेच ठरवलं, पुढचा वसंत घरापासून एका दिवसाच्या अंतरावर बघायचा.

म्हणून यंदा मार्चअखेर विदर्भातल्या सिहोऱ्याला गेलो. पहिला दिवस चांदपूरच्या तलावावर गेला. पाणी छान होतं, तिथला मारुती छान होता, पुढे सरकू. मी आलो होतो मोहासाठी. मोहाचं फूल खुडत नाहीत. ते रात्रीतून आपणच गळतं आणि पहाटे वेचायचं असतं. दुसऱ्या दिवशी साडेचारला उठून, टॉर्च घेऊन, ओळखीच्यांच्या बांधावर हजर झालो. झाडाखाली मोजून सात फुलं. शेंड्यांना कळ्यांचे झुबके लगडलेले, पण खाली सात. ट्युलिपचा शाप विदर्भातही पोचला म्हणायचा.

एक आजी रिकामी टोपली काखेत मारून उभी होती.

"आज मोहा नाई पडे जी," ती म्हणाली. "आभार आला ना."

मी हसून म्हटलं, "आभार कसले, मी तर अजून काही केलंच नाही."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, मग हनुवटीनं वर दाखवलं. ढग. झाडीबोलीत 'ळ'चा 'र' होतो, डोळ्याचा डोरा, काळ्याचा कारा, हे पुस्तकात वाचलं होतं. पण पुस्तकातला 'र' पहाटे अंधारात समोर येऊन उभा राहिला की ओळखू येत नाही. मोहाच्या टोळीला, म्हणजे बियांना, इथे टोरी का म्हणतात, तेही एकदम उलगडलं.

"दिवसा तापला पाह्यजे, राती मोकरी पाह्यजे," आजी म्हणाली. "आभार राहिला का मोहा रुसते. उद्या या."

श्रीनगरच्या माळ्याला इतक्या थोड्या शब्दांत जमलं नव्हतं.

दुपारी ऊन असं काही तापलं की ओळखीच्यांच्या घरी लाखोळीच्या डाळीपुढे मी गपगार बसून होतो. रात्री आकाश धुतल्यासारखं. पहाटे बांधाजवळ पोचायच्या आधीच वास आला, गोड, पण अंगावर येणारा. मला तो अर्धाच आवडतो. आणि आवाज. टप्. मग थांबून, टप् टप्. पाऊस सुरू व्हावा की नको अशा विचारात असावा तसा. आजी उकिडवी बसून दोन्ही हातांनी वेचत होती. आजूबाजूच्या झाडांखालचा पाला जाळून जमीन काळी केलेली होती, म्हणजे फूल उठून दिसतं. ही आग कधी जंगलात शिरून वणवा होते, म्हणून आजीनं आपल्या झाडाखाली खराटा फिरवून जुनी लुगडी अंथरली होती. मला हे जास्त पटलं.

एक फूल तळहातावर घेतलं. साबुदाण्यासारखं अर्धपारदर्शक, पिवळट, मणभर गोडवा भरलेला फुगीर मणी. मधोमध आरपार भोक. भोक का, हे वर पाहिल्यावर कळलं. तपकिरी टोपीसारखं बाह्यदल आणि त्यातून निघालेली लांब काडी फांदीलाच राहिली होती. पाकळ्यांचा घट मात्र पुंकेसरांसकट त्या काडीवरून अंगठी उतरावी तसा निसटून आला होता. त्या काडीच्या बुडाशी पुढे फळ धरतं, त्यातली टोरी, टोरीचं तेल. म्हणजे माणसानं, हरणानं, अस्वलानं कितीही फुलं खाल्ली तरी झाडाचं काही अडत नाही. इतकं हिशेबी औदार्य मी आमच्या सोसायटीतही पाहिलेलं नाही.

मी तासाभरात जेमतेम ओंजळ वेचली आणि कंबर धरली. आजीची दुसरी टोपली भरत आली होती.

"एवढीच का जी," म्हणत तिनं माझ्या पिशवीत आपल्यातली दोन मुठी फुलं टाकली. "पर उनात वारवजा. बांधून ठेवजा नोका."

मी बांधून ठेवली. तुमसरहून नागपूरच्या बसमध्ये, दुपारी दोनच्या उन्हात, पिशवी मांडीवर. भंडारा यायच्या आत शेजारच्या गृहस्थांनी एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा माझ्या डोळ्यांकडे, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.