वरव्याहून महाडला, वरंधा घाटाने

वरवे बुद्रुक हे गाव पुणे-सातारा महामार्गावरचे. पुण्याहून निघाले की कात्रजचा बोगदा, शिंदेवाडी, खेड शिवापूर, शिवरे आणि मग वरवे. बुद्रुक म्हणजे थोरले आणि खुर्द म्हणजे धाकटे. वरवे दोन्ही आहेत. पुढे नसरापूरचा फाटा, त्यापुढे कापूरव्होळ. तिथे महामार्ग सोडून उजवीकडे वळले की भोर, आणि भोरवरून वरंधा घाट उतरला की महाड. महाडविषयी आपल्या वाचकांना नव्याने काय सांगावे? सांगायचे आहे ते तिथे नेणाऱ्या या वाटेविषयी.

आम्ही गेलो ते २५ डिसेंबरला, मनुस्मृती दहन दिनानिमित्त. जीप ठरवली होती. महिला मंडळाच्या भगिनी, चार मुले, दोन आज्या आणि भाकरीची गाठोडी. पहाटे निघालो तर महामार्गावर धुके एवढे की पुढच्या ट्रकचा फक्त लाल दिवा दिसावा. आपला ड्रायव्हर वस्तीतलाच मुलगा, पण शहाणा. मोठा दिवा लावला तर धुक्यावरून उजेड आपल्याच डोळ्यांवर येतो, म्हणून त्याने दिवा खाली ठेवला, वेग कमी केला आणि कडेच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवून गाडी नेली. उसाचे दिवस होते. उसाच्या ट्रॉलीला मागे लाल चमकपट्टी नसली तर धुक्यात ती उभी आहे की चालते आहे हेच कळत नाही. ट्रॅक्टरवर जाणारी आपली पोरे खूप आहेत. ट्रॉलीच्या मागे पट्टी लावून घ्या आणि ट्रॉली बंद पडली तर तिच्याजवळ झोपू नका, एवढे त्यांना घरच्यांनी सांगितले पाहिजे.

जीपमध्ये एका मुलाने विचारले, आपल्याकडे बर्फ पडतो का? त्याने लेह-लडाखचा रस्ता टीव्हीवर पाहिला होता. तिकडे झोजी लासारख्या खिंडी हिवाळ्यात बर्फाने बंद होतात आणि सीमा सडक संघटनेचे लोक यंत्रांनी बर्फ कापून त्या उघडतात. रोहतांगच्या खिंडीखालून बोगदा काढला, तो ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला. आपल्याकडे बर्फ नाही. आपला घाट हिवाळ्यात उघडा असतो आणि पावसाळ्यात बंद पडतो. तिकडे बर्फ, इकडे दरड, एवढाच फरक.

भोर सोडल्यावर रस्ता निगुडघर, हिरडोशी, शिरगाव असा नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या काठाकाठाने चढत जातो. डिसेंबरात पाणी निळेशार, गवत पिवळे, आणि माणूस तुरळक. फार सुंदर प्रदेश आहे. पुण्याचे पाहुणे इथे पावसाळ्यात धबधबे पाहायला येतात. आमचे म्हणणे, एकदा थंडीतही यावे. पावसाने काय केले ते थंडीतच दिसते. हिरवळ वाळलेली असते, डोंगर उघडा पडलेला असतो आणि दरडीची ताजी तांबडी जखम लांबून ओळखू येते.

वाघजाईच्या देवळाजवळ गाडी थांबली. खाली कोकण, समोर कावळ्याचा डोंगर. मंडळी चहा-भजीकडे वळली. आमच्यातल्या थोरल्या आजी मात्र रस्त्याच्या कडेने चालत गेल्या आणि एका संरक्षक भिंतीपुढे उभ्या राहिल्या. या आजींनी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली आहे. शाळा पाहिली नाही, पण रस्ता कळतो. म्हणाल्या, "भिंतीला पाणी निघायला भोकं ठेवल्यात, पर ती मातीनं बुजल्यात. पाणी आत बसलं का भिंत पोट काढती."

इंजिनिअरसाहेबही याहून वेगळे सांगणार नाहीत. सह्याद्रीत खाली काळा पाषाण आणि वर मुरूम-मातीचा थर. दोन-तीन दिवस मुसळधार पाऊस झाला की माती पाणी पिऊन जड होते आणि पाषाणावरून घसरते. त्यात रस्त्यासाठी डोंगराचा पाय कापलेला. ही झाली वरून येणारी दरड. दुसरा धोका खालून. डोंगराकडेचे गटार बुजले, मोरी तुंबली की पाणी डांबरावरून आडवे वाहते आणि दरीच्या बाजूची माती धुऊन नेते. वरून रस्ता धड दिसतो, खाली पोकळ झालेला असतो. २०२१ च्या जुलैत हा घाट ठिकठिकाणी खचला, वाहतूक बंद झाली. आता पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो, जड वाहनांना बंदी होते, अतिवृष्टीचा इशारा असला की सगळ्यांनाच. मग महाडला जायचे तर ताम्हिणीने माणगावकडून किंवा महाबळेश्वर-पोलादपूरवरून आंबेनळीने, एवढा वळसा. बंदी मोडून जाऊ नये. दुधाच्या टेंपोवाल्याने 'काही होत नाही' म्हटले तरी जाऊ नये.

घाट उतरला की महाड तालुका लागतो. याच तालुक्यात २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याआधी २०१४ च्या ३० जुलैला आपल्या पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातले माळीण गाडले गेले. गाव जागेवर नाही ही बातमी बाहेर आणली ती एस.टी.च्या चालकाने. आणि २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल वाहून गेला, त्यात दोन एस.टी. गाड्या प्रवाशांसह गेल्या. पूल वर्षभराच्या आत नवा झाला. म्हणजे मनात आणले तर काम होते, हेही दिसले.

अशा बातम्या वाचून आपण 'निसर्गाचा कोप' म्हणून मोकळे होतो. बाबासाहेबांच्या अनुयायाने तरी हा शब्द वापरू नये. वरव्याच्या अलीकडे, शिंदेवाडीजवळ ६ जून २०१३ रोजी काय झाले? डोंगर फोडून ओढ्याची वाट बुजवली गेली होती, पाणी महामार्गावर आले आणि एक आई व तिची लहान मुलगी गाडीतून वाहून गेल्या. पाऊस निसर्गाचा होता, ओढा बुजवणारी माणसे होती.

दुपारी महाडला पोहोचलो. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर बसून मुलांना सांगितले ते थोडे वेगळे सांगितले. पाण्याच्या सत्याग्रहाची गोष्ट त्यांना पाठ आहे, रस्त्याची नाही. १९२७ च्या डिसेंबरात परिषदेला यायला मोटारमालक आपल्या लोकांना गाडीत घेईनात. म्हणून बाबासाहेब प्रतिनिधींसह मुंबईहून 'पद्मावती' बोटीने दासगावला उतरले आणि तिथून सुमारे पाच मैल चालत महाडला आले. ज्या दासगावला ते उतरले, त्या दासगावातही जुलै २००५ मध्ये दरड कोसळली. जुई, रोहण, कोंडिवते या गावांतही त्याच पावसात. मुलांच्या चेहऱ्यावरून दिसत होते की ही गोष्ट त्यांना आतून लागली.

तळे जसे सार्वजनिक, तसा रस्ताही सार्वजनिक. १९२३ च्या बोले ठरावानंतर महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. पण कागदावरचे खुले आणि पायाखालचे खुले यांत तीन वर्षांचे आणि एका सत्याग्रहाचे अंतर होते. आज गावोगाव डांबरी रस्ता येतो आणि बहुतेकदा वस्तीच्या अलीकडे थांबतो. आमच्या पाहुण्यांच्या एका वस्तीत ओढ्यावर साधी मोरी नाही. पावसात बाळंतीण खाटेवर घालून न्यावी लागली. दलित वस्ती सुधार योजना म्हणून आपण जी ओळखतो, तिच्यातून रस्ता, गटार, दिवे यांना पैसा मिळतो. तो मागावा लागतो, आणि मागायचा थंडीत. जूनमध्ये मागून काय उपयोग, तेव्हा फक्त मुरूम टाकून जातात आणि तो पहिल्या पावसात जातो.

परतताना उजेडात घाट चढायचा म्हणून चारलाच निघालो. आजींनी डोंगराखाली राहणाऱ्यांसाठी जे सांगितले ते मुलीने वहीत लिहून घेतले: डोंगराला किंवा अंगणाला नवी भेग पडली, झाड वा विजेचा खांब कलला, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा आटले, बारीक दगड सुटू लागले, तर रात्रीची वाट न पाहता म्हातारी-पोरे घेऊन समाजमंदिरात किंवा शाळेत जायचे. भांडी नंतर. पुलावरून पाणी वाहत असेल तर अलीकडेच थांबायचे. वेगाच्या पाण्याला गुडघ्याएवढी खोली पुरते. मुलीने खाली नंबरही लिहिले, मदतीसाठी ११२, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, महामार्गावर १०३३.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेला महिन्याभराचा अवधी होता. पाहुण्यांच्या वस्तीतल्या मोरीचा अर्ज आम्ही भोर येईपर्यंत गाडीतच तयार केला. सह्यांसाठी त्याच वहीची मागची चार पाने कोरी ठेवली आहेत.