देवगडच्या कातळावरचा आंबा आणि मोबाईल

राधानगरी, दाजीपूर मागे टाकून फोंडा घाट उतरलात, की हवा बदलते. नांदगाव तिठ्यावरून शिरगाव, जामसंडे करीत देवगडला पोचेपर्यंत जांभ्याचा कातळ तुमची सोबत सोडीत नाही. नांगर लागणार नाही अशी ही जमीन. पण इथल्या माणसांनी सुरुंग लावून खड्डे फोडले, बाहेरून माती आणून भरली आणि त्यांत हापूस उभा केला.

शेतकरी बंधू-भगिनींनो, एप्रिल-मे महिन्यांत एकदा इकडे याच. आंबा पाहाल तो पाहाल. तो विकतात कसा, तेही पाहा.

पूर्वी बहुतेकांची रीत एकच. पेटी बांधायची, ट्रकने वाशीला धाडायची आणि भाडे-हमाली जाऊन जी पट्टी येईल ती मुकाट्याने घ्यायची. खाणारा कोण, हे पिकवणाऱ्याला ठाऊक नाही आणि पिकवणारा कोण, हे खाणाऱ्याला. या अंधारात परमुलखातला आंबाही ‘देवगड’ म्हणून खपू लागला. २०१८ साली कोकणच्या पाच जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ च्या हंगामापासून इथल्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने फळावर क्रमांकाची चिकटपट्टी लावणे सुरू केले. तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून गिऱ्हाइकाला खात्री करून घेता येते.

एका बागेत बागायतदारीणबाईंनी मला आपला मोबाईल दाखवला. त्यात सजवलेली चित्रे नव्हती. झेल्याने देठासह आंबा उतरवतानाचा फोटो, पेंढ्यातली आढी, पेटीवर काढणीची तारीख. अवकाळी पावसाने मोहोर काळा पडला, तोही फोटो गिऱ्हाइकांना गेलेला! खाली लिहिले होते : “यंदा फळ कमी, उशीर होईल. साका बाहेरून ओळखू येत नाही. कापल्यावर निघाला तर फोटो धाडा, तेवढी फळे भरून देऊ.”

“असे लिहिल्याने गिऱ्हाईक बिचकत नाही का?” मी विचारले.

“भाऊ, गोड तर सगळेच म्हणतात,” त्या म्हणाल्या. “खोट कोण सांगतो, ते लोक बघतात.”

या बोलण्यात विक्रीचे सगळे शास्त्र आले. पहिली पेटी फोटो विकतो. दुसरी पेटी अनुभव विकतो.

तुमचा गूळ असो, इंद्रायणी असो, नाहीतर द्राक्षे, हेच धोरण ठेवा. फोटो आपल्याच रानातला घ्या. वजन, प्रत, भाव आणि पोचवणावळ आधी लिहा. गिऱ्हाइकाला तुमचा नंबर जतन करायला सांगा; नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रसारण यादीतून धाडलेला निरोप त्याला पोचत नाही. त्याने चांगले लिहिले, तर विचारून मगच ते इतरांना दाखवा. तक्रार आली तर त्याच दिवशी उत्तर द्या. आणि अनोळखी माणसाने “पैसे पाठवतो, ओटीपी सांगा” म्हटले, तर फोन बंद करा. पैसे घ्यायला ओटीपी लागत नाही.

सगळा माल मात्र एकदम मोबाईलच्या भरवशावर ठेवू नका. पहिल्या वर्षी दहा-वीस घरे जोडा, बाकीचा माल बाजारात जाऊ द्या. कातळावरचे कलमदेखील फळाला यायला काही वर्षे घेतेच; गिऱ्हाइकाचा विश्वासही तसाच वाढवावा लागतो.