खानदेशांतील चार दिवस व एक जेवण

खानदेशच्या जेवणाविषयीं पुण्याकडील मंडळींचें एक मत फार दिवसांपासून ठरून गेलेलें आहे. तें असें कीं, तेथें तेल पाण्यासारखें ओततात, तिखट मिठासारखें घालतात आणि गुळाचा स्पर्श म्हणून आमटीभाजीस होऊं देत नाहींत. हें मत बाळगणाऱ्या दहांपैकीं नऊ जणांनीं तापीचें पात्र आगगाडीच्या खिडकींतूनही पाहिलेलें नसतें. आमच्या घरांत मात्र या मतास एका प्रसंगाचा आधार होता, आणि त्या प्रसंगाची आठवण निघाली कीं वडील मंडळी अंमळ गप्प होत असत.

आमच्या आजोबांची धाकटी कन्या, म्हणजे आमच्या आत्याबाई, १९७० सालीं धुळ्यास दिली. चार वर्षांनीं आजोबा प्रथमच तिच्या घरीं गेले; बरोबर आमचे थोरले काका होते. आत्याबाईंच्या सासूबाईंनीं व्याह्यांसाठीं म्हणून स्वतःच्या हातानें वांग्याचें भरीत केलें. आजोबांनीं पहिला घांस घेतला, घाईघाईनें पाण्याचें भांडें तोंडास लाविलें आणि ताट किंचित् पुढें सारून ते म्हणाले, "हें जेवण नव्हे, शिक्षा आहे." काका हंसले. आपण विनोद केला होता असें आजोबा पुढें जन्मभर सांगत राहिले; परंतु ज्या बाईनें तासभर धुरांत बसून वांगीं भाजलीं, तिच्यादेखत तिच्याच पानावर बसून केलेला विनोद तिला कसा लागला असेल, हें कोणीं विचारलें नाहीं. आजोबा पुन्हा धुळ्यास गेले नाहींत. आत्याबाई माहेरीं येत, गुळाची आमटी निमूटपणें जेवत, परत जात. माझ्याकडे जेवावयास या, असें मात्र त्यांनीं आम्हांपैकीं कोणासही आग्रहानें कधीं म्हटलें नाहीं.

म्हणून गेल्या मार्गशीर्षांत त्यांचा दूरध्वनि आला तेव्हां आम्हांस नवल वाटलें. "चंपाषष्ठी झाली कीं या. वांगीं यंदा चांगलीं आलीं आहेत," एवढेंच त्या बोलल्या. चातुर्मासांत वर्ज्य केलेलें वांगें खंडोबाच्या नैवेद्यापासून पुन्हा पानांत येतें, हा आपल्याकडील प्रघात वाचकांस ठाऊक आहेच. काकांनीं ऐंशी वर्षें ओलांडलेलीं. प्रवास त्यांस झेपेल कीं नाहीं अशी शंका घरांत निघाली, तेव्हां ते म्हणाले, "मला जायलाच पाहिजे." असे आम्ही चौघे निघालों.

गाडींत समोरच्या बांकावर दोन गृहस्थ होते. एक रावेरकडील केळीचे बागाईतदार, दुसरे धुळ्याचे निवृत्त शिक्षक. मनमाड मागें पडल्यावर डबे उघडले आणि डब्यांबरोबर वादही उघडला. भरितांत शेंगदाणे अख्खे तळून घालावे कीं ठेचतांनाच मिसळावे, हा पहिला प्रश्न. कांद्याची पात फोडणींत घालावी कीं वरून कच्ची, हा दुसरा. शेवभाजींत शेव रश्श्याबरोबर उकळणाऱ्यास काय म्हणावें याविषयीं शिक्षकांनीं वापरलेला शब्द येथें देतां येत नाहीं. शेव पानावर बसल्यावरच रश्श्यांत पडली पाहिजे, नाहींतर तिचें पिठलें होतें, असा त्यांचा सिद्धांत होता. भरितांत टोमॅटो घालणें हें पाप, एवढ्या एकाच मुद्द्यावर दोघांचें एकमत झालें. आम्हीं भीत भीत सांगितलें कीं, आमच्याकडे भरितांत दहीं घालतात व चिमूटभर साखरही. दोघांनीं आमच्याकडे आजाऱ्याकडे पाहावें तसें पाहिलें. बागाईतदार समजुतीच्या सुरांत म्हणाले, "चांगलें लागत असेल हो. आम्ही त्याला कोशिंबीर म्हणतों."

१९०६ सालीं जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग पडले. पूर्वेचें मुख्य ठाणें जळगांव, पश्चिमेचें धुळें. पुढें तींच नांवें जिल्ह्यांस मिळालीं, आणि १९९८ सालीं धुळ्यांतून नंदुरबार निराळा निघाला. चुलीच्या बाबतींतही दोन्ही बाजू आपापला तोरा राखून आहेत. भरीत आमचें, असें जळगांवकर म्हणतात, व त्यास आतां सरकारी कागदाचा आधारही आहे. जळगांवचें केळें आणि जळगांवचें भरिताचें वांगें या दोहोंसही २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें.

बागाईतदारांनीं गाडींतच आमंत्रण दिलें होतें, त्याप्रमाणें दुसऱ्या दिवशीं आम्ही यावलकडे एका शेतांत गेलों. याच भागांतील बामणोदचीं वांगीं सर्वांत नांवाजलेलीं. हीं वांगीं जांभळीं नव्हेत. फिकट हिरवीं, त्यांवर पांढुरके पट्टे, आकारानें चांगलीं मोठीं, पण हातांत घेतां हलकीं लागतात, कारण आंत बी थोडें. भाजण्यास लांकूड किंवा कोळसा चालत नाहीं; कापसाच्या वाळलेल्या काड्या लागतात. या काड्यांचा जाळ भर्रकन् उठतो व लवकर बसतो, त्यामुळें साल जळतें पण गर करपत नाहीं, आणि धुराचा वास तेवढा गरांत शिरतो. साल काढलेला गर लांकडी भांड्यांत हिरव्या मिरच्या व लसूण यांजबरोबर ठेचतात. मग शेंगदाण्याच्या तेलाच्या फोडणींत दाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, कांद्याची पात व कोथिंबीर. दहीं नाहीं, साखर नाहीं. केळीच्या पानावर भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली. कळणा म्हणजे ज्वारींत अख्खे उडीद व मीठ घालून दळलेलें पीठ. त्याची भाकरी काळसर होते व नुसती खाल्ली तरी गोड लागते.

तिखट होतें हें कबूल करावयास हवें. आमच्या डोळ्यांस पाणी आलें. परंतु तिसऱ्या घांसानंतर ध्यानांत आलें कीं, तिखटाच्या मागून वांग्याची स्वतःचीच एक गोडी येते, आणि साखर घालून आपण नेमकी तीच झांकून टाकतों.

एक गंमतीची गोष्ट अशी कीं, ज्या मिरचीवरून आपण खानदेशास नांवें ठेवतों ती येथलीही नव्हे आणि पुण्याचीही नव्हे. मिरची व भुईमूग हीं दोन्हीं अमेरिका खंडांतलीं. पोर्तुगीज लोक या देशीं आले त्यानंतर तीं इकडे पोंचलीं. ज्वारी त्याच्याही हजारों वर्षें आधीं आफ्रिकेंतून आलेली. त्या पानावर अस्सल या भूमीचें म्हणावें असें होतें तें वांगें, आणि त्यासच खानदेशी मनुष्य सर्वांत कमी हात लावतो. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरड धान्यांचें म्हणून जाहीर केलें तेव्हां शहरांतील कित्येक घरांत ज्वारीची भाकरी नव्यानें आली. यावलच्या शेतकऱ्याचे घरीं ती कधीं गेलीच नव्हती.

जळगांवाहून धुळें एरंडोल-पारोळ्यावरून सुमारें ९० किलोमीटर. वाटेंत एका ढाब्यावर आम्हीं शेवभाजी खाल्ली. वाडग्यावर तेलाचा थर बोटभर. काळ्या मसाल्याचा रस्सा त्याच्या खालीं शोधावा लागला. रात्रभर त्याचें फळ आम्हीं भोगलें. तरीही या पदार्थास आम्ही दोष देणार नाहीं. मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर या दोन महामार्गांची गांठ धुळ्यास पडते. रात्रीं दोन वाजतां मालमोटार थांबली तरी ढाबेवाल्यापाशीं ताजी भाजी नसली म्हणून अडत नाहीं. शेव महिनाभर टिकते, रस्सा चुलीवर असतोच. सोईंतून निघालेली ही युक्ति आहे, आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा तो मसाला बेताच्या तेलांत केला तर फार रुचकर होतो. अडचण एवढीच कीं, बाहेरचा प्रवासी तो वाडगा पाहून खानदेशच्या घराची परीक्षा करतो. पुण्याच्या स्थानकावरील वड्यावरून आपल्या आईच्या हाताची परीक्षा कोणीं केली तर आपणांस चालेल काय?

धुळ्यास पांझरेचा कांठ व क्रमांकांनीं ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या पाहिल्या. इतिहासाचार्य राजवाडे याच गांवीं ३१ डिसेंबर १९२६ रोजीं वारले. त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ पाहण्यांत सकाळ गेली; विनोबांनीं १९३२ सालीं गीतेवरील प्रवचनें दिलीं तो तुरुंग बाहेरूनच पाहिला. खरें सांगावयाचें तर आमचें चित्त दुपारच्या जेवणाकडे होतें, आणि काकांचें त्याहूनही अधिक.

आत्याबाईंच्या घरास अंगण नाहीं. गच्चीवर चार विटा मांडून, कोणा ओळखीच्या शेतकऱ्याकडून आणविलेल्या काड्यांवर त्या स्वतः वांगीं भाजीत बसल्या होत्या. सूनबाई पंख्यानें धूर वारीत होत्या व "आई, मी करतें ना" असें दर दोन मिनिटांनीं म्हणत होत्या. आत्याबाईंनीं काड्या कोणास देऊं केल्या नाहींत. त्यांच्या सासूबाई जाऊन तीस वर्षें झालीं. भरितास लागणारें लांकडी भांडें मात्र त्यांचेंच होतें, कडेला झिजून पातळ झालेलें.

पानें मांडलीं. भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा, कढी व तींत वाफवलेल्या डाळीचे फुनके, तळलेले बिबडे, मागाहून खिचडी व तिजवर लसणाच्या फोडणीचें तेल. काकांच्या पानाशेजारीं मात्र एक लहान वाटी निराळी ठेवलेली होती. तींत चिंचगुळाची आमटी होती.

"दादा, तुझ्यासाठीं केली आहे," आत्याबाई म्हणाल्या. "इकडचें तुला सोसायचें नाहीं."

काकांनीं वाटीकडे पाहिलें. मग ती उचलून त्यांनीं आमच्या पानाकडे सरकविली आणि भाकरीचा तुकडा मोडून भरितास लाविला. त्यांस ठसका लागला. डोळे लाल झाले. आत्याबाई पाण्याचें भांडें घेऊन पुढें झाल्या, पण त्यांनीं हातानें नको म्हटलें, तो घांस सावकाश चावला, दुसरा घेतला, पानावरचें सर्व भरीत संपविलें.

"आणखी वाढ," ते म्हणाले.

"तिखट आहे रे."

"असूं दे. त्या वेळीं मी उगीच हंसलों होतों."

आत्याबाई कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं भरीत वाढलें, आणि भाकरी आणण्याच्या निमित्तानें आंत गेल्या. ताटलींत भाकऱ्या पुष्कळ शिल्लक होत्या. सूनबाईंनीं ती ताटली हळूच पदराआड ओढून घेतली. गुळाची आमटी आम्हीं खाल्ली. ती आमच्या आजीच्या हातच्यासारखी हुबेहूब झाली होती.

दुपारीं सुपारी कातरतांना आत्याबाईंचें तोंड प्रथमच मोकळें झालें. लग्नानंतर पहिल्या वर्षीं आपण लपवून गुळाचा खडा आमटींत टाकीत होतों, सासूबाईंस तें ठाऊक होतें, पण त्यांनीं तसें कधीं दाखविलें नाहीं. उलट डब्यांतला गूळ संपला कीं त्या आपण होऊन भरून ठेवीत, हें त्यांनीं तेव्हां सांगितलें. मग त्या आखाजीचें सांगूं लागल्या. अक्षय्यतृतीयेस इकडे लेकी माहेरीं येतात, झोके बांधतात, आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर पुरणाचे मांडे होतात. मांडा लाटीत नाहींत. दोन्ही हातांवर झेलीत झेलीत कोपरापर्यंत वाढवितात. तो आमरसाशीं खावयाचा. "म्हणजे आमच्याकडे गोड नाहींच असें नाहीं," त्या म्हणाल्या, "आम्ही तें आमटींत घालीत नाहीं इतकेंच."

निघतांना दहा वांगीं व बिबड्यांचें गाठोडें मिळालें. पुण्यास येऊन आम्हीं मोठ्या हौसेनें गॅसच्या शेगडीवर वांगीं भाजलीं, सर्व कृति बरहुकूम केली. चांगलें झालें, पण तें नव्हे. रात्रीं आत्याबाईंचा दूरध्वनि आला. पहिलाच प्रश्न, "गॅसवर भाजलींत ना?" खोटें बोलण्याचें धैर्य झालें नाहीं. त्या हंसल्या व म्हणाल्या, खापराचे मांडे करणारी बाई आतां गल्लींत एकच उरली आहे, तिला आखाजीचें आतांपासूनच सांगून ठेवावें लागतें. तेव्हां किती माणसें येतां तें लवकर कळवा.

अकरा, असें काकांनीं कळविलें आहे.