पडद्यावरच्या माणसाचा खिसा

मुलं संगणकावर खेळत असली की आपण आई-बाप दोनच गोष्टी विचारतो : अभ्यास झाला का, आणि विजेचं बिल कोण भरणार? पडद्यावर नेमकं काय चाललं आहे, हे फारसं कुणी पाहत नाही. आमचा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, पॉलिटेक्निकला शिकतो. काही रविवारी आम्ही त्याच्या शेजारी बसून एक खेळ पाहिला. त्याबद्दल वाचक बंधू-भगिनींशी चार शब्द बोलावेसे वाटतात.

खेळाचं नाव 'वॉच डॉग्स'. युबिसॉफ्ट कंपनीनं तो २०१४ साली बाजारात आणला. त्यात अमेरिकेतलं शिकागो शहर आहे. सिग्नल, पूल, कॅमेरे, बँका, सगळं एकाच यंत्रणेला जोडलेलं. एडन पिअर्स नावाचा नायक त्या यंत्रणेत शिरतो. रस्त्यानं जाणाऱ्या कुणावरही फोन रोखला की त्या माणसाचं नाव, वय, काम, कमाई आणि शिवाय त्याच्याबद्दलची एखादी खासगी ओळ पडद्यावर येते. आणखी एक कळ दाबली की काहींच्या बँक खात्यातले पैसे आपले! तो बिचारा आपल्या वाटेनं चालतच राहतो.

हा खेळ लहान मुलांसाठी नाहीच. पण त्यातल्या मारामारीपेक्षा आम्हाला ही कळ जास्त खटकली. नायकानं भर रस्त्यात निरपराध माणूस मारला तर शहरात त्याची पत घसरते, गुन्हा थांबवला तर वाढते. कुणाचा खिसा कापावा आणि कुणाचा नाही, याचा विचार मात्र खेळणाऱ्यानंच करायचा. आमच्या मुलानं त्याचा एक नियम केला होता. आजारी, गरीब दिसला तर सोडायचा, पैसेवाला दिसला तर घ्यायचे.

"हे ठरवलं कुणी?" आम्ही विचारलं.

"मीच. खोटी माणसं आहेत हो, बाबा."

माणसं खोटी, हे खरं. पण दुसऱ्याचं गुपित वाचून क्षणात निवाडा करायचा, ही सवय तर खरी आहे ना? चोरी न करण्याचं शील आपण घेतो, ते कुणी पाहत असेल तेव्हापुरतं घेत नाही.

त्या दिवशी आमच्या थोरल्या वहिनी घरी आल्या होत्या. त्या सफाई कामगार आहेत. कामावर त्यांच्या मनगटाला एक घड्याळ बांधतात. कामगार कुठे आहे, किती वेळ एका जागी थांबला, हे त्यावरून कचेरीत कळतं. एकदा घड्याळ बंद पडलं तर पूर्ण रस्ता झाडूनही त्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली गेली. वहिनी बराच वेळ पडद्याकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "माझ्यावर फोन रोखलास तर काय लिहून येईल रे?"

"नाव, वय, सफाई कामगार, पगार," मुलगा हसत म्हणाला.

"आणि खालची ती एक ओळ? पाय सुजले म्हणून दहा मिनिटं टेकले, असं येईल की काम सोडून बसली, असं येईल?"

मुलगा गप्प झाला. माणूस थांबला एवढंच घड्याळाला कळतं. का थांबला, ते कळत नाही.

याच खेळाचा दुसरा भाग २०१६ साली आला. त्याचा नायक मार्कस होलोवे हा ओकलंडचा कृष्णवर्णीय तरुण. न केलेल्या गुन्ह्यासाठी यंत्रणेनं त्याला संशयित ठरवलेलं असतं. ही नुसती कल्पना नव्हे. खुद्द शिकागोच्या पोलिसांनी संगणकाकडून माणसांची यादी करून घेतली होती. पुढे गोळीबारात कोण सापडेल, याचा अंदाज ती यादी बांधत असे. खूप टीका झाल्यावर ती बंद झाल्याचं २०२० च्या सुरुवातीला जाहीर झालं. त्याआधी २०१९ साली सॅन फ्रान्सिस्को शहरानं आपल्या पोलिसांना चेहरा ओळखणारं यंत्र वापरायला बंदी केली होती.

आपल्याला यात नवल वाटू नये. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कितीतरी जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. तेव्हा संगणक नव्हता. नोंदवही होती आणि पोलिसांपुढची हजेरी होती. तो कायदा १९५२ साली गेला, पण त्या लोकांवरचा संशय अजून गेलेला नाही. वहीत एकदा लागलेला डाग वही फाडली तरी लगेच जात नाही.

म्हणून पोरांचे खेळ बंद करा, असं आमचं म्हणणं नाही. शेजारी बसा, विचारा. आपली मुलं आता संगणक शिकताहेत. उद्या कुणाच्या तरी मनगटावरच्या घड्याळाचा कार्यक्रम त्यांनाच लिहावा लागेल, कुणाच्या नावाखालची ती एक ओळ भरावी लागेल. तेव्हा समोरची माणसं खोटी नसतील. त्या ओळीत टाकण्याआधी त्या माणसाला एकदा विचारावं, एवढं जरी त्यांना सुचलं, तरी शिकलेल्याचं चीज झालं.