कापड आधी हातात घे

सोलापूर

चि. रेवा,

तुझं पत्र पोचलं. मशीन घेतलंस, टीप सरळ यायला लागली, अभ्रे झाले, परकर झाले, आणि आता गाडी अडली ती 'काय शिवू हेच सुचत नाही' इथे. रात्री फोनवर एवढे कपडे बघतेस, आवडलेले साठवतेस आणि दुकानात गेल्यावर मात्र हात रिकामेच परत आणतेस, असं लिहिलंयस. याचं मला वाटतं ते कारण असं की फोटोत शिवलेला कपडा दिसतो, कापड दिसत नाही. ते अंगाबाहेर उभं राहतं की अंगासरशी खाली पडतं, चुरगळतं किती, धुतल्यावर मऊ होतं की नाही, हे फोटो सांगत नाही. शिवणारीला तर तेच आधी कळायला हवं. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की सुरुवात कपड्यापासून करू नकोस, कापडापासून कर. आणि चांगलं कापड बघायला लांब जायची गरज नाही.

तुझ्या आईच्या कपाटात आजीची इरकल आहे. ती काढ आणि खिडकीच्या उजेडात अंथर. अंगाला गडद हिरवा, काठ आणि पदर लाल, पदरात पांढरे पट्टे. आपल्या घरातली प्रत्येक बाई ती नेसली आहे, पण नीट बघितली कुणी? हे लुगडं मूळ कर्नाटकातल्या बागलकोटकडच्या इळकलचं. त्याच्या पदराचे उभे धागे वेगळे असतात आणि ते अंगाच्या उभ्या धाग्यांत फासात फास अडकवून जोडतात. पदरावरच्या नक्षीत तुला कंगवा दिसेल, किल्ल्याचा तट दिसेल, ज्वारीचं कणीस दिसेल. नर्मदाकाठच्या महेश्वरी साड्यांचंही तेच. अहिल्याबाई होळकरांनी विणकर बोलावून महेश्वरला वसवले, आणि त्या साडीच्या काठांत वीट, चटई, हिरा, चमेलीचं फूल असे नमुने आले. विणकरांनी जे रोज डोळ्यांसमोर होतं तेच घेतलं आणि मागावर बसेल इतकं साधं करून घेतलं. तुला शिकायचं ते हे साधं करणं.

आता मोजपट्टी घे. काठ किती बोटं रुंद आहे, त्याला लागून गेलेली बारीक रेघ केवढी, दोन रेघांमधली जागा केवढी, हे वहीत लिहून काढ. इरकलीचं सौंदर्य लाल-हिरव्यात नाही, हिरवा केवढा आणि लाल केवढा यात आहे. तेच दोन रंग निम्मे-निम्मे घेऊन कुर्ता शिवलास तर बँडवाल्याचा पोशाख होईल. पण गडद हिरव्या कुर्त्याला बाहीच्या टोकाशी बोटभर लाल पट्टी लावलीस आणि पट्टीच्या कडेला पांढऱ्या दोऱ्याची एकच टीप मारलीस, तर बघणारीला इरकल आठवेल आणि कुर्ता तुझाच राहील. नक्कल चित्राची करू नये, प्रमाणाची खुशाल करावी.

खणाचं तर मी तुला किती सांगू! गुळेदगुड्डचे खण इथे आमच्या बाजारात अजूनही घडी घालून मांडलेले असतात. एक तुकडा आण. समोर धर, मग हळूच तिरपा कर. जांभळा म्हणून घेतलेला खण एका अंगाने गुलाबी मारतो. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्याच, त्यामुळे ही धूपछाव. कापलेल्या कडेचा एक आडवा धागा सुईने ओढून काढ, एक उभा काढ, आणि दोन्ही पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी चिकटव. दुकानात उभी राहून हा रंग कशाबरोबर जाईल म्हणून डोकं खाजवायची गरजच उरत नाही. कापडात जो रंग लपलेला आहे तोच अस्तराला घे, पायपिनला घे, गुंडीला घे. तो शोभणार हे ठरलेलंच, कारण तो आधीच त्या कापडात आहे.

माझ्या वहीत अशा धाग्यांची पानंच्या पानं आहेत: मोरपंखी, आमसुली, शेवाळी, अबोली, गुलबक्षी. पण धागे चिकटवायचे ते दिवसाच्या उजेडात. दुकानातल्या दिव्याखाली जो निळा वाटतो तो उन्हात जांभळा निघतो. म्हणून कापड घेताना दुकानदाराला सांगून थान दाराशी न्यायचं. तो कुरकुरला तरी न्यायचं. रंग कच्चा वाटला तर कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर घासून बघ. आणि सुती कापड कापण्याआधी रात्रभर पाण्यात घालायला चुकू नकोस. मागावर धागे ताणलेले असतात, पाणी लागलं की ते आखडतात.

रंगांसाठी आणखी एक जागा सांगते. तुझ्या आजोबांनी जुने दिवाळी अंक बांधून ठेवले आहेत. त्यात 'दीपावली'चे अंक असतील. चित्रकार दीनानाथ दलालांनी तो 1945 साली सुरू केला. त्यांच्या मुखपृष्ठांवरच्या बायका बघ. मजकूर वाचू नकोस, साडीला कोणती चोळी दिली आहे आणि मागच्या भिंतीला कोणता रंग दिला आहे एवढंच बघ. रंगांच्या जोड्या जुळवायची त्यांची नजर फार मोठी होती. आणि पुण्यात राहून राजा केळकर संग्रहालय बघितलं नसशील तर या रविवारी जा. तिथले दिवे आणि अडकित्ते यांच्या कडा नुसत्या पेन्सिलीने उतरवून घेतल्यास तरी गळ्याच्या कशिद्याला पुरून उरतील.

आकाराचं मात्र कापडालाच विचारावं. खण आखूड पन्ह्याचा, अंगाने ताठ, आणि कापला की धागे सुटणारा. त्याच्या चुण्या करायला जाशील तर तो फुगून बसेल. त्याला सरळ कापाचे, लहान तुकड्यांचे कपडे शोभतात, म्हणून तर जुनी चोळी तुकडे जोडून व्हायची आणि काठ बाहीच्या टोकाशी यायचा. मलमल याच्या उलट. तिला घेर दे, चुण्या दे, ती मजेत खाली पडते. पट्ट्यापट्ट्यांचं इचलकरंजीचं सुती कापड मिळालं तर अंग उभं काप आणि खांद्याची पाटी उरेप काप. कापड एकच, पण पट्ट्या तिरप्या झाल्या की वेगळं कापड लावल्यासारखं दिसतं. फक्त उरेप कापलेलं ताणतं, तेवढं टीप मारताना हात हलका ठेव.

आणि आजीचे ब्लाउज टाकू देऊ नकोस. फुग्याच्या बाहीचा एक आहे, बंद गळ्याचाही आहे. विरलेला असेल तो ब्लेडने अलगद उसव, इस्त्री कर आणि प्रत्येक तुकडा वर्तमानपत्रावर ठेवून आखून घे. मुंढ्याची गोलाई केवढी, टक्स कुठे संपतात, कटोरीला किती माया सोडली आहे, हे कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या तुकड्यांत स्वच्छ दिसतं. जुन्या शिंप्यांचा हात त्यात आहे. त्यावरून आधी मांजरपाटाचा कच्चा ब्लाउज शिव, अंगात घालून हात वर कर, वाकून बघ, आणि बसलाय असं वाटलं की मगच चांगल्या कापडाला कात्री लाव.

फोन बघू नकोस असं मी म्हणत नाही. पण आधी कापड घरात आण, खुर्चीच्या पाठीवर टाकून दोन दिवस जाता-येता बघ, त्याचा पोत हाताला कळू दे. मग फोन उघडलास तर शेकड्यातले दोन-तीनच फोटो कामाचे आहेत हे तुझं तुलाच दिसेल.

रविवार पेठेत जाशील तेव्हा सकाळी दुकानं उघडताच जा, म्हणजे गर्दी नसते आणि दाराशी उजेडही असतो. पहिला कुर्ता एकाच रंगाच्या सुती कापडाचा आणि एकाच पट्टीचा कर. भरतकाम, लेस, जर यातलं काही त्यावर नको. पट्टी केवढी ठेवलीस ते मला कळव आणि शिवून झाला की फोटो पाठव, उलट्या बाजूचासुद्धा.

तुझी,
मावशी