परिपाठाच्या रांगेत

सकाळच्या परिपाठाचा क्रम महाराष्ट्रातल्या शाळांत साधारण सारखाच असतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, एखादी बोधकथा, मग पसायदान नाहीतर दोन मिनिटं मौन. यातल्या बहुतेक गोष्टी वरून ठरून येतात. ‘प्रार्थना’ या एका रकान्यात काय भरायचं, ते मात्र शाळेवर असतं. त्यामुळे जालन्यासारख्या गावात सकाळी शाळांच्या कुंपणाकडेनं चालत गेलं, तर देवाला हाक मारण्याच्या निरनिराळ्या चाली कानावर येतात. एकीकडे सरस्वतीवंदना, दुसरीकडे साने गुरुजी, उर्दू शाळेत इक्बालांनी लहान मुलांसाठी लिहिलेली दुआ, आणि मिशनच्या शाळेत प्रभूची प्रार्थना. सगळ्या आवाजांत एक गोष्ट समान असते. शेवटच्या रांगेतली पोरं ओठ हलवत असतात आणि पायानं माती उकरत असतात.

माझी भाची अशाच एका ख्रिस्ती शाळेत तिसरीत आहे. घर वारकऱ्यांचं, आजी माळकरी. पोरगी सकाळी हात जोडून इंग्रजीतून येशूची प्रार्थना म्हणते आणि संध्याकाळी आजीशेजारी बसून हरिपाठ. दोन्ही एका दमात, दोन्ही न अडखळता. एकदा तिला विचारलं, “शाळेतली प्रार्थना तुम्ही कुणाला म्हणता गं?” ती म्हणाली, “सिस्टरना. त्याच समोर उभ्या असतात ना.” आजी हसली. मला मात्र वाटलं, हे उत्तर एखाद्या धर्मपरिषदेत ठेवण्यासारखं आहे.

तिच्या वडिलांचं म्हणणं सरळ आहे. शाळेत शिस्त आहे, इंग्रजी चांगलं आहे, प्रार्थनेचं काय, पाच मिनिटांचं काम. प्रवेशाच्या रांगेत उभे असलेले बहुतेक पालक हेच म्हणतील. या पाच मिनिटांची आता कुणाला भीती वाटत नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी वाटत होती, आणि त्या भीतीचा एक धागा थेट जालन्याला येऊन पोचतो.

मुंबईत 1839 साली मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला आणि पारशी आईबापांनी भराभर मुलं काढून घेतली. ती खळबळ बसते न बसते तोच 1843 मध्ये नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय सुमारे बारा वर्षांचं, त्याच्याकडे मिशनमध्येच राहत होता. वडिलांनी कोर्टात धाव घेतली, कोर्टानं मुलगा वडिलांच्या हवाली केला. मग नवाच प्रश्न उभा राहिला. मिशनमध्ये राहिलेल्या, तिथलं अन्न खाल्लेल्या मुलाला जातीत परत घ्यायचं का? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूनं उभे राहिले आणि त्यासाठी सनातन्यांचा रोष त्यांनी पत्करला. मिशनरी, वडील, कोर्ट, शास्त्री, सुधारक अशी पाच बाजूंची मोठी माणसं एका पोरावरून भांडत होती. प्रत्येकाला त्या पोराचं भलं कशात आहे हे पक्कं ठाऊक होतं. हा प्रसंग वाचताना मला नेहमी एकाच गोष्टीची उत्सुकता वाटते, की श्रीपत सकाळच्या प्रार्थनेला उभा राहायचा तेव्हा त्याच्या मनात काय चालायचं. त्याला भावाचा देव हवा होता, की फक्त भाऊ हवा होता? बारा वर्षांच्या मुलाला या दोन गोष्टी वेगळ्या काढून दाखवता येतील असं मला वाटत नाही. चाळिशीतल्यालाही नेहमी येतातच असं नाही.

नारायण शेषाद्री पुढे रेव्हरंड झाले आणि 1860 च्या दशकात निजामाच्या मुलखात, जालन्याला येऊन राहिले. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून त्यांना गावाजवळ जमीन मिळाली. तिच्यावर त्यांनी ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांचं एक नवं गाव वसवलं आणि त्याला नाव दिलं बेथेल. याकोबाला स्वप्नात आकाशाला टेकलेली शिडी दिसली, ते हे बायबलमधलं ठिकाण. इथे आलेली माणसं बहुतांशी मांग समाजातली होती. गावात चर्च आलं, शाळा आली, आणि शाळेबरोबर सकाळची उपासना आली.

या उपासनेला मुंबईतल्या भांडणाची फूटपट्टी लावून चालत नाही. मुंबईत ब्राह्मण आणि पारशी घरांतली मुलं होती. त्यांना आपापले देव होते, देवळं होती, ग्रंथ होते. तिथे प्रश्न होता तो मुलगा आपल्या रांगेतून दुसऱ्या रांगेत जाण्याचा. बेथेलमधल्या मुलाला त्याआधी कुठली रांगच नव्हती. देवळाच्या पायरीपाशी त्याचा बाप थबकत होता. शाळेची तर गोष्टच दूर. त्या पोरानं पहिल्यांदा इतरांच्या खांद्याला खांदा लावून, मोठ्यानं, कुणी गप्प कर न म्हणता देवाचं नाव घेतलं असेल, तेव्हा त्याला काय वाटलं असेल? मिशनच्या प्रार्थनेला नुसतं आमिष म्हणून मोकळं होणाऱ्यांनी आधी या प्रश्नाशी थोडं थांबावं. दुसऱ्या बाजूनं हेही खरंच, की ज्याच्या पोटाला, जमिनीला आणि अक्षराला एकाच दारातून जावं लागतं, त्याच्या ‘हो’ला पूर्ण मोकळं ‘हो’ म्हणता येत नाही. मला या दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या वाटतात.

दार म्हटलं की मला पंडिता रमाबाईंचं दार आठवतं. शाळेतल्या सामूहिक उपासनेवर मराठी माणसानं केलेलं सगळ्यात मोठं भांडण त्या दारावरून झालं. रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या. 1889 साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. पैसा अमेरिकेतल्या मंडळींचा, सल्लागारांत न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर, आणि अट अशी की मुलींना कुठल्याही धर्माची शिकवण द्यायची नाही. रमाबाईंनी शिकवण दिली नाही. त्या आपल्या खोलीत आपली मुलगी मनोरमा हिला घेऊन प्रार्थना करत, पण खोलीचं दार उघडं ठेवत. काही मुली येऊन आत बसू लागल्या. ‘केसरी’नं झोड उठवली, 1893 मध्ये रानडे-भांडारकरांनी अंग काढून घेतलं, पालकांनी मुली घरी नेल्या.

लहानपणी मला हे प्रकरण वाचून रमाबाईंचा राग आला होता. आईचं प्रेम मिळावं म्हणून आसुसलेल्या, केस कापलेल्या, घरी कुणी मायेनं हाक न मारणाऱ्या पोरीसमोर दार उघडं ठेवणं म्हणजे बोलावणंच की. नंतर मत बदललं, आणि पुन्हा थोडं बदललं. रमाबाईंचा सवालही बिनतोड आहे. माझ्याच घरात मी माझ्या देवाशी दार लावून का बोलू? शिवाय त्याच घरात गोदूबाई जोशीही राहिली होती, अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी. तेच दार तिच्याही समोर उघडं होतं. ती हिंदूच राहिली आणि 1893 मध्येच धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई झाली. काही मुली ख्रिस्ती झाल्या हेही खरं. एकाच दारातून कोणी आत गेलं, कोणी समोरून निघून गेलं. शारदा सदनात निदान एवढं होतं, की आत जायचं की नाही हे मुलीच्या पायांवर सोडलेलं होतं. परिपाठाच्या मैदानाला तेवढी मोकळीक नसते. तिथे घंटा होते आणि सगळे पाय आपोआप रांगेत लागतात.

आपल्या राज्यघटनेनं याचा विचार केला आहे. अनुच्छेद 28 सांगतो, की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेतल्या कुणालाही धार्मिक उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येणार नाही; त्याची स्वतःची संमती हवी, आणि तो अज्ञान असेल तर पालकाची. सुंदर तरतूद आहे, पण पालकाला संमतीचा कागद आलेला मी अजून पाहिलेला नाही. गणवेशाचा कागद येतो, रिक्षाचा येतो, सहलीचा तर दोनदा येतो. प्रार्थनेची संमती फीच्या पावतीत गृहीत धरलेली असते.

इंग्रजांची गंमत अशी, की 1854 च्या वुडच्या खलित्यात त्यांनी इथल्या सरकारी शाळांतलं शिक्षण धर्मापासून अलग ठेवायचं ठरवलं, आणि 1944 च्या कायद्यानं स्वतःच्या देशातल्या शाळांत रोजची सामूहिक उपासना सक्तीची केली. पालकाला आपलं मूल त्यातून काढून घेण्याची मुभा तिथे पहिल्यापासून आहे. सोळा वर्षांपुढच्या वर्गातल्या मुलांना स्वतःच नको म्हणायचा हक्क मिळायला मात्र 2006 चा कायदा यावा लागला. म्हणजे तिथेही मुलाला विचारायला साठ वर्षं लागली.

इथे कोर्टानं बोलायची वेळ आली ती वेगळ्या कारणानं. केरळातली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदरानं उभी राहत, पण त्यांच्या पंथाच्या श्रद्धेमुळे गात नसत. शाळेनं काढून टाकलं, आणि 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुलांच्या बाजूनं निकाल दिला. उभं राहणं पुरेसं, गळा त्यांचा. पुढे नाशिकच्या एका शिक्षकानं प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला, तेव्हा 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानंही त्याला सक्ती करता येणार नाही असंच म्हटलं. मला हे निकाल आवडतात ते एका बारीक गोष्टीसाठी. रांग सोडून वर्गात एकटं बसायला लावणं ही लहान मुलाला शिक्षाच वाटते. रांगेत राहून गप्प राहता आलं, तर मैत्रीही राहते आणि मनही. माझी आजी म्हणायची, परक्या घरच्या आरतीला उभं राहावं, टाळी वाजवायची की नाही ते आपल्या हाताला विचारावं.

हीच गोष्ट उलट बाजूनंही बघायला हवी, ती आपण क्वचित बघतो. ख्रिस्ती घरातली कितीतरी पोरं साध्या मराठी शाळांत शिकतात. तिथे सरस्वतीच्या फोटोला हार असतो, गुरुपौर्णिमा असते, गणपतीची आरती असते. ‘ही तर आपली संस्कृती’ असं म्हणत आपण त्यांनाही रांगेत घेतो आणि त्यांच्या घरी काय म्हणत असतील हे विचारायचं राहून जातं. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब याच जालना जिल्ह्यातलं. त्यामुळे मनाच्या श्लोकांच्या पाठांतर स्पर्धेत एखादी ख्रिस्ती मुलगी पहिली आली तर गावाला कौतुक वाटतं. वाटायलाच हवं. पण एखाद्या हिंदू मुलानं नाताळच्या कार्यक्रमात बायबलचा उतारा सुरेख म्हटला, तर त्याच गावात एखादी भुवई वर जाते.

मला खरी हळहळ वाटते ती भाषेची. मराठी ख्रिस्ती उपासनेला स्वतःचा सूर होता. नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी ख्रिस्ताला अभंगात आणलं, ओवीत आणलं. ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक उघडलं की त्यातली कितीतरी पदं ऐकून आमच्या आजीनं टाळ हातात घेतला असता. अहमदनगरच्या मिशननं कीर्तनाची पद्धतही उचलली होती. टिळकांनी आयुष्याच्या शेवटी, 1917 मध्ये, ‘देवाचा दरबार’ काढला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा दिली. रमाबाईंच्या दारापुढचं पाऊल होतं ते. घरात अंगण बांधायचाच बेत. टिळक दोन वर्षांत गेले आणि बेत तिथेच राहिला.

भाचीच्या शाळेत त्यातलं काही पोचलेलं नाही. तिथली प्रार्थना इंग्रजी, गाणी इंग्रजी, चालीही बाहेरच्या. घरच्या देवाशी मराठीत आणि शाळेच्या देवाशी इंग्रजीत बोलायचं, असा तिच्या मनानं हिशेब मांडलेला दिसतो. पालकांना नेमकं हेच हवं आहे, हे मला कळतं. प्रार्थनेतला ख्रिस्त त्यांना चालतो, कारण तो त्यांच्या लेखी इंग्रजीच्या तासाचाच भाग आहे. श्रद्धा असलेल्या एखाद्या पाळकसाहेबांना हे ऐकून बरं वाटेल की वाईट, मी सांगू शकत नाही. 1843 साली तरी लोक त्या प्रार्थनेला घाबरण्याइतकं महत्त्व देत होते.

मागच्या उन्हाळ्यात भाचीच्या धाकट्या भावाचा प्रवेश अर्ज भरायला मी बसलो होतो. धर्म, जात, पोटजात, रक्तगट, लस, आधार, सगळे रकाने होते. शेवटी ‘इतर माहिती’ म्हणून दोन ओळी मोकळ्या होत्या. मी तिथे लिहिलं, की मुलाला प्रार्थनेला उभं राहायला आमची हरकत नाही, म्हणायची की नाही ते त्याचं तो ठरवेल. त्याच्या बापानं अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं, “मामा, अ‍ॅडमिशन घालवतोस का?” असं म्हणाला आणि दुसरा कोरा अर्ज आणायला गाडी काढली.