हेलांचा मुलूख

साहित्याचे लग्न कोठे लागले, असा प्रश्न कोणी विचारलाच, तर वऱ्हाडातल्या माणसाने निःसंकोचपणे वाशीमकडे बोट दाखवावे. कारण इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या आसपास कनोजच्या प्रतिहारांच्या दरबारी असलेल्या राजशेखराने आपल्या ‘काव्यमीमांसे’त सरस्वतीच्या पुत्राचा, म्हणजे काव्यपुरुषाचा, साहित्यविद्यावधूशी गांधर्वविवाह लावून दिला तो काशीत नव्हे, उज्जयिनीतही नव्हे, तर विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात, आणि वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले ते वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशीम. रुसून निघालेल्या त्या वराच्या मागोमाग ही वधू पूर्वेस गेली, पांचालात गेली, अवंतीत गेली. दिशा पालटली की तिचा वेष पालटे, नृत्य पालटे, बोलण्याची रीतही पालटे. पण तो पुरता वश झाला तो दक्षिणेत येऊन, वैदर्भी रीतीच्या माधुर्याने. कथा रूपकात्मक आहे, आणि कसब्याच्या कोणत्याही दप्तरात या विवाहाचा दाखला मिळणार नाही, हे कबूल. तरीही काव्यासारख्या चंचल तरुणास एका गावच्या बोलण्याने स्थिर केले, ही कल्पना ज्याला सुचली त्याचा कान असामान्य असला पाहिजे.

तो तसा होताही. त्याच ग्रंथात देशोदेशीचे लोक काव्य कसे म्हणतात याचे जे वर्णन त्याने केले आहे, ते वाचताना हा आचार्य अलंकारशास्त्राचा की हेलांचा, असा संभ्रम पडावा. कर्णाटकातला माणूस, रस कोणताही असो, शेवटी गर्वाने टणत्कार करतो. द्रविड गद्यही गाऊनच म्हणतो. लाट देशीच्यांना संस्कृताचा तिटकारा, पण त्यांच्या जिभेवर प्राकृत मोठ्या लालित्याने खेळते. काश्मिरी कवी थोर खरे, परंतु त्यांचे पठन म्हणजे कानात गुळवेलीच्या रसाची चूळ. आणि पांचालांचे मात्र कानात साक्षात मध. कनोजचे मीठ खाल्लेल्या माणसाने पांचालांना मध द्यावा यात आश्चर्य नाही. पण गुळवेलीची कडू चवसुद्धा इतक्या निगुतीने नोंदवणारा हा मनुष्य कोणाचाही हेल मोडून काढा असे म्हणत नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

त्याच वत्सगुल्मातला एखादा विद्यार्थी आज पुण्याच्या वसतिगृहात ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ असे बोलू लागला की भोवतालच्या ओठांवर स्मित उमटते. ‘ळ’साठी जीभ मागे वळवण्याचे श्रम वऱ्हाडी माणूस घेत नाही, त्याचा डोळा ‘डोया’ होतो, जवळचे ‘जवय’ होते, आणि त्या य-काराने शब्दाला जो ओलावा येतो तो प्रमाण भाषेच्या कोरड्या काठावर बसून कळायचा नाही. त्याचा पाहुणा ‘येत आहे’ असे नसते, तो ‘येऊन राह्यला’ असतो. वाटेवरची त्याची धूळ जणू या क्रियापदातच उडताना दिसते. आणि निरोपाच्या वेळी म्हटलेल्या ‘येजो बाप्पा’मध्ये आज्ञा, आर्जव आणि उद्याची मुदत या तिन्ही गोष्टी अशा एकजीव झालेल्या असतात की व्याकरणकाराने त्या वेगळ्या करू जाऊ नये.

हेलावरून माणसाला हसण्याचा हा भेदभाव आपलाच आहे असे नाही. इंग्रजांच्या बेटावर लंडनचा कॉकनी ‘ह’ गिळतो, स्कॉटलंडचा मनुष्य ‘र’ घोळवतो, आणि १९४१ साली, ऐन युद्धात, यॉर्कशायरच्या विल्फ्रेड पिकल्सने आपल्या प्रांताच्या हेलात बीबीसीवरून बातम्या वाचल्या तेव्हा तक्रार करणारे श्रोते निघालेच. शॉने ‘पिग्मॅलियन’मध्ये याच वेडाची फजिती केली, पु. ल. देशपांड्यांनी १९७५ साली त्या नाटकाला ‘ती फुलराणी’ करून मराठी रंगभूमीवर आणले. माझे मत असे, की प्रेक्षक खरा लुब्ध होतो तो सुधारण्यापूर्वीच्या नायिकेवर, मंजुळेवर. प्रोफेसरांनी घडवलेल्या बाईला टाळ्या मिळतात, जीव मात्र पहिलीवरच जडतो.

परंतु लुब्ध होणे आणि मान देणे यांत अंतर आहे. नाटक-सिनेमांनी वऱ्हाडी बोलीला बहुधा हसवण्याच्या चाकरीवर ठेवले. नायकाने प्रमाण मराठीत प्रेम करावे आणि गड्याने वऱ्हाडीत विनोद, असा जणू अलिखित बंदोबस्तच होता. या बंदोबस्ताविरुद्ध सर्वांत मोठा पुरावा म्हणजे उद्धव शेळके यांची १९६० सालची कादंबरी ‘धग’. त्यातली कौतिक भांडते, विनवते, आणि संसार डोळ्यांदेखत ढासळताना ज्या बोलीत कण्हते, ती बोली विनोदी आहे असे म्हणण्याची छाती ते पुस्तक मिटल्यावर कोणाला होणार नाही. आणि गाडगेमहाराज? अमरावतीकडच्या शेणगावात जन्मलेल्या या माणसाने मुंबईच्या श्रोत्यांपुढेही आपला हेल बदलला नाही. प्रश्नामागून प्रश्न विचारीत, लोकांकडूनच उत्तरे वदवीत, त्यांनी भल्याभल्यांना त्या खडबडीत वाणीपुढे मान तुकवायला लावली.

एक जिल्हा म्हणजे एक हेल, असेही समजू नये. अकबराच्या अमदानीत वऱ्हाड सुभ्यातले सरकार असलेले, पुढे निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलेले हे बाशीम, म्हणजे आपले वाशीम, १९०५ साली जिल्हेपणास मुकले (योगायोग असा, की ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला खंडही त्याच साली निघाला) आणि १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून निघून पुन्हा जिल्हा झाले. सरकारी सीमा अशा येतात-जातात. हेलांच्या सीमा पाण्यासारख्या झिरपतात. कारंज्याकडे अमरावतीचे वळण जिभेवर ठळक ऐकू येते. दक्षिणेस पैनगंगा ओलांडून हिंगोलीच्या वाटेला लागावे तो ‘मले’चे ‘मला’ होऊ लागते आणि मराठवाड्याचा ठसका सुरू होतो. मंगरूळपीरच्या दर्ग्याभोवती दखनी उर्दू मराठीच्या खांद्यावर हात टाकून बोलते.

सर्वांत नवल वाटते ते मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला. रामनवमीच्या यात्रेस बंजारा समाज तेथे लोटतो: तेलंगणातून, कर्नाटकातून, मराठवाड्यातून आणि आसपासच्या तांड्यांतून. सारे आपली गोरमाटी बोलीच बोलतात, पण एकाच्या बोलण्यावर तेलुगूचा झोका असतो, दुसऱ्याच्या बोलण्यावर कन्नडाची ठेच, आणि मानोऱ्याच्या बाईच्या गोरमाटीतून वऱ्हाडीचा संथपणा डोकावतो. मंडपाच्या सावलीत अशा दोघी-तिघी टेकल्या की तांड्याचे नाव विचारण्याआधीच एकमेकींचा मुलूख त्यांना कळून चुकलेला असतो, आणि बोलणे लगेच पुढच्या विषयाकडे, लेकीच्या सोयरिकीकडे आणि यंदाच्या पावसाकडे वळते.